शेवटच्या राशीचं मीठ

गोजराने पेटीच्या फळीला जीभ लावली आणि बाजूला थुंकली.

"खारट हाय," ती म्हणाली. "आदी गोड्या पान्यानं धुवा, मंग बाकीचं बोला."

पेटी घेऊन आलेला पडाव, ती मालाची मोठी होडी, अजून नीट बांधलाही नव्हता. भरतीचं पाणी बंधाऱ्याला लागलं होतं, गावचे गडी दोर आणि गोल ओंडके घेऊन कमरेइतक्या पाण्यात उभे होते, आणि ही बाई सगळ्यांच्या आधी फळीवरून चढून पडावात पोचली होती. पेटी चांगली खोलीएवढी होती. मुंबईच्या गोदीतून इथवर येताना तिने वाटेत भरपूर लाटा खाल्ल्या असणार. फळ्यांवर पांढरे ओघळ वाळले होते.

"धुवायचीच आहे, बाई," पेटीच्या पलीकडून आवाज आला. "गोड्या पाण्याचा टँकर ठाण्याहून निघालाय."

बोलणारा मोकाशी नावाचा इंजिनीअर होता. वयाने पोरगेलासा, वाईकडचा, डोक्यावर उन्हाची टोपी आणि पायांत चिखलाने भरलेले बूट. गोजराचा जरा विरसच झाला. शहाणपण सांगायला जावं आणि समोरच्याने ते आधीच करून ठेवलेलं असावं, यासारखं दुसरं दुःख नाही. पण गप्प बसणं तिच्या रक्तात नव्हतं.

"टँकर येल तवा येल," ती म्हणाली. "आमच्या हिरीवर बाया हंडे घेऊन उभ्या हायत. हाक मारू का?"

मोकाशीने रस्त्याकडे पाहिलं. ठाण्याहून बेलापूरकडे जाणारा तो रस्ता तेव्हा खडीचाच होता, आणि त्यावर टँकरचा धुरळासुद्धा दिसत नव्हता.

"मारा," तो म्हणाला.

अष्टग्रहीला जग बुडणार म्हणून लोकांनी गोडधोड करून खाल्लं आणि जग काही बुडलं नाही, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. जग राहिलं, पण ऐरोलीच्या खाडीकाठचं हे मिठागर गेलं. मालकाने ते विकलं, कारखान्याने घेतलं, आणि जिथे मिठाच्या राशी लागायच्या तिथे मुरूम पडला. मिठागरात मीठ ओढणारे, टोपल्या वाहणारे गावात पुष्कळ होते. पण पावसाळ्याआधी राशी शाकारायच्या त्या गोजरानेच, असा आजूबाजूच्या गावांतही रिवाज होता. विकायची राहिलेली रास पावसाळाभर उघड्यावरच असायची. तिच्यावर गवत अंथरून, ताडाचे विणलेले झाप चढवून, काथ्याने बांधून गोजरा खाली उतरली की मग खुशाल आभाळ फाटावं. गोजराची रास गळत नाही, असं लोक म्हणायचे, आणि लोक विसरले तर गोजरा स्वतः आठवण करून द्यायची.

आता रासच नव्हती, तर शाकारणार काय? तिच्या हाताखालच्या सगुणा, मैना, पुतळा सगळ्या घरी बसल्या होत्या. मैना तर डोक्यावर पाटी घेऊन ठाण्याच्या बाजारात मासळी विकायला जाण्याची भाषा करत होती. आगऱ्याच्या बाईने कोळणीसारखी मासळीची पाटी घ्यायची म्हणजे काय, यावरून तिच्या घरात दोन दिवस चूल नीट पेटली नव्हती.

पेटी धुऊन झाली, ओंडक्यांवरून ढकलत मुरमाच्या उंचवट्यावर आली. कारखान्याची इमारत म्हणजे अजून नुसते खांब होते. यंत्र मात्र अगदी वेळेवर, म्हणजे अवेळी येऊन ठेपलं होतं. मोकाशीने पेटीची एक बाजू उघडून गोजराला आत बघायला बोलावलं. आत एकावर एक दोन पोलादी रूळ होते, माणसाच्या दुप्पट लांब आणि आरशासारखे घासलेले.

"हे आमचं लाटणं," मोकाशी म्हणाला. "यातून मेणकापड लाटून निघणार. यावर मोहरीएवढा गंजाचा डाग पडला, तर तो कापडाच्या प्रत्येक वारावर उमटेल. मग हा रूळ भंगारात."

"आनि पावसालाभर ह्यो उघड्यावर?"

"उघड्यावर. म्हणून तर तुम्हाला बोलावलं. वरचे साहेब म्हणत होते, मुंबईच्या ठेकेदाराला काम द्या. मी म्हटलं, इथल्या बायका मिठाची रास पावसात कोरडी ठेवतात, लोखंड का नाही ठेवणार?" त्याने टोपी काढून घाम पुसला. "रूळ स्वच्छ निघाला, तर पुढे येणारं प्रत्येक यंत्र तुम्ही आणि तुमच्या बायकांनीच शाकारायचं. पुष्कळ यायची आहेत. डाग पडला, तर ठेकेदार येईल."

गोजराने रुळात आपलं तोंड पाहून घेतलं आणि कपाळावर आलेले केस मागे सारले.

"साएब, मीठ तर पान्याला नुसतं बघून इरघलतं," ती म्हणाली. "त्याला मी कवा भिजू दिलं नाय. लोखंड मिठापेक्षा धीराचं हाय."

दुसऱ्या दिवसापासून काम लागलं. पेटीच्या फळ्या काढून यंत्र जमिनीपासून गुडघाभर उंच ओंडक्यांवर बसवलं होतं. मोकाशीने माणसं लावून रुळांना पिवळं ग्रीस फासलं, त्यावर मेणाचा कागद गुंडाळला. गोजरा कमरेवर हात ठेवून हे सगळं नवी सून भाकरी कशी थापते ते बघावं तसं बघत होती. ताडपत्री आली तेव्हा मात्र ती पुढे झाली.

"ही अंगाला चिकटवू नका. आतून घाम सुटतो."

"माहीत आहे. मध्ये वीतभर जागा ठेवायची. आणि खालून…"

"खालून घोट्याएवढं उघडं. वारा एकडून शिरला पायजे, तिकडून गेला पायजे."

"बरोबर. आमच्या पुस्तकात तेच लिहिलंय."

"मंग बरं हाय की," गोजरा बायकांकडे वळून म्हणाली, "पुस्तकवाला आपल्याच गावचा दिसतोय!"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मोकाशीही हसला, आणि त्या दिवसापासून दोघांची गट्टी जमली. गट्टी म्हणजे काय, ती त्याला टोमणे मारायची आणि तो ते निमूटपणे ऐकून घ्यायचा. त्याच्या ऑफिसच्या खोपटाच्या खिडकीत हिरव्या पत्र्याच्या झाकणाची एक काचेची बरणी होती. आईने वाईहून दिलेलं लिंबाचं लोणचं. दुपारी तो भाकरीबरोबर तेच खायचा, कारण गावात कुणाच्याही घरी जेवायला बसलं तर ताटात आधी मासळी यायची.

"खाडीकाठाला येऊन लोनचं खातो," गोजरा म्हणायची. "लग्नाला येऊन उपास धरल्यासारखं!"

"ताडपत्री ओढा, गोजराबाई," तो म्हणायचा.

ताडपत्री चढली, तिच्यावर गवत, गवतावर झाप. वाऱ्याच्या अंगाला झाप दुहेरी. काथ्याच्या दोऱ्यांना खाली दगड लटकवले, भोवती चर खणला. पूर्वेच्या अंगाला, जिथे पावसाचा मारा कमी, तिथे गोजराने एक माणूस वाकून आत जाईल एवढी झापाची खिडकी ठेवली. मोकाशीला दर आठवड्याला आत जाऊन रूळ तपासायचे होते.

शेवटच्या दिवशी त्याने एक डबा उघडला आणि त्यातून पांढऱ्या कापडाच्या लहान लहान पिशव्या काढल्या. आत खळखळणारे दाणे होते. तो त्या एकेक करून रुळांच्या वरच्या दांडीला बांधू लागला.

"ह्ये काय?" गोजराने विचारलं.

"हे दाणे ओल पितात. आतल्या हवेत जो दमटपणा असतो ना, तो शोषून घेतात. मग लोखंडापर्यंत ओल पोचत नाही."

गोजराने एक पिशवी हातात घेऊन चिमटीने चाचपली. खडे पांढरे, टणक, मिठासारखे. तिला मनापासून आनंद झाला. इतके दिवस तिला वाटत होतं, या पोराकडे सगळं आहे, पण देवाधर्माचं काही नाही. आणि हा तर बघा, आपल्यासारखंच करतो आहे!

कारण राशीला मीठ बांधायची त्यांचीही रीत होती. रास शाकारून झाली की जिने शेवटची गाठ मारली तिने त्याच राशीतलं मूठभर मीठ जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधायचं आणि ती पुरचुंडी आत, वरच्या बांबूला लाल दोऱ्याने टांगायची. राशीचं मीठ राशीला राखतं. नवं घर बांधलं, नवी होडी पाण्यात सोडली, पाळणा टांगला, तरी हेच. गोजराच्या तिन्ही पोरांच्या पाळण्याला पुरचुंडी होती आणि तिन्ही पोरं धडधाकट होती. याहून मोठा पुरावा तिला नको होता. मिठागर बंद झालं त्या दिवशी शेवटच्या राशीतलं असं मूठभर मीठ तिने घरी आणून ठेवलं होतं. कशासाठी, ते तेव्हा तिलाही माहीत नव्हतं.

आता कळलं. ती घरी जाऊन ते मीठ फडक्यात बांधून कमरेला खोचून आली. मोकाशी चहा घ्यायला खोपटात गेला तेव्हा ती आत शिरली. कमरेची पुरचुंडी काढून त्याच्या पिशव्यांच्या रांगेत, अगदी मधोमध, तिने लाल दोऱ्याने बांधली. ज्या जागेचं मीठ, ती जागा. त्यानेच हे लाटणं राखावं, याहून योग्य काय? क्षणभर तिचे डोळे भरून आले. मग बाहेर येऊन तिने सगुणाला चर उथळ खणल्याबद्दल चांगलं फैलावर घेतलं.

जीभ लावून फळीचा खार ओळखणाऱ्या बाईला आत मीठ टांगताना काही वाटलं कसं नाही, असं कुणी विचारील. पण खाडीचा खार वेगळा आणि राशीचं मीठ वेगळं. एक चोर, दुसरा राखणदार. गोजराच्या मनात ती दोन कधी एकत्र आलीच नव्हती.

पाऊस आला तो वाजतगाजत आला. आषाढात तर खाडीवरून असा वारा सुटला की गावातली चार घरं उघडी पडली आणि कारखान्याच्या सिमेंटच्या शेडचे पत्रे उडून पार भातखाचरात गेले. गोजराच्या झापांतली एक काडीसुद्धा हलली नाही. उघडीप पडली तशी माणसं बघायला येऊ लागली. मैनाच्या नवऱ्याने भोवती एक फेरी मारली, आणि मासळीच्या पाटीवरून तो बायकोशी परत भांडला नाही. गोजरा रोज काहीतरी निमित्त काढून त्या बाजूने जायची आणि नाक वर करून परत यायची.

शनिवारी मोकाशी विजेरी घेऊन आत शिरायचा, आणि ती बाहेर उभी राहून विचारायची.

"कसं हाय?"

"कोरडं. छप्पर उत्तम आहे."

एका शनिवारी मात्र तो आत बराच वेळ राहिला. बाहेर आला तेव्हा हात ग्रीसने माखलेले होते.

"गोजराबाई," हात पुसत तो म्हणाला, "राशीत तुम्ही आणखी काही ठेवता का? म्हणजे शाकारताना?"

पुरचुंडी सापडली, गोजराला वाटलं. हसणार, हा पोरगा हसणार.

"आनखी काय ठेवनार? मीठ असतं राशीत."

"हो, ते आहेच," तो म्हणाला. "सहज विचारलं."

तो काही हसला नाही. ती मनातल्या मनात म्हणाली, बरं झालं, अंधारात दिसली नसेल.

श्रावणातली एक दुपार होती. बाहेर पावसाची झड लागली होती. गोजराने आमटीत मीठ घालायला शिंक्यावरच्या टोपलीत हात घातला आणि हात चिकट, ओला बाहेर आला. यात नवं काही नव्हतं. दरवर्षी श्रावणात घरोघर मिठाला पाणी सुटतं; टोपलीखाली वाडगा ठेवायचा, झालं. यंदा वाडगा ठेवायचा राहून गेला होता.

तेवढ्यात तिचा नवरा वामन कोयता शोधत आला. कोयता टोपलीच्या बरोबर खाली खुंटीला टांगलेला होता. त्याने तो काढला, उजेडात धरला आणि तोंड वाकडं केलं.

"बग, मिठाचं पानी गललं ह्याच्यावर. जल्लं, पातं खाल्लं की गो!"

पात्यावर तांबड्या गंजाचा पट्टा उमटला होता आणि मध्ये खड्डे पडले होते. गोजरा बघत राहिली. आमटी उतू गेली तरी ती बघतच राहिली.

"मीठ ओल पितं ना?" तिने विचारलं.

"पितं की."

"मंग?"

"मंग काय? किती पिल? पोट भरलं की ओकतं," वामन म्हणाला. "तुला काय आज कललं व्हय? जलम गेला तुजा मिठात."

जन्म गेला होता खरा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. गोजराने चुलीवरचं भांडं खाली उतरवलं, डोक्यावर इरलं घेतलं आणि काही न सांगता बाहेर पडली.

बांधावरून जाताना तिचे पाय घसरत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती पायांकडे बघून चालत होती. शाकारल्याला आता दोन महिने होत आले होते. दोन महिने ती पुरचुंडी रुळाच्या बरोबर वर लटकत होती. मेणाचा कागद होता, ग्रीस होतं. पण कागदाला सांधे होते, आणि मिठाचं पाणी सांधा शोधतं हे तिला कुणी शिकवायला नको होतं. मोहरीएवढा डाग, तो म्हणाला होता. पात्यावर तर बोटभर पट्टा होता. तिला सगुणा दिसली, पुतळा दिसली, पाटी डोक्यावर घेऊन ठाण्याच्या वाटेला लागलेली मैना दिसली. बाहेरचा एक थेंब तिने आत येऊ दिला नव्हता, आणि स्वतःच्या हाताने खार आत नेऊन टांगला होता. लाज वाटली. भीतीही वाटली, पण लाज जास्त.

पुरचुंडी काढून आणावी, खाडीत टाकावी आणि गप्प राहावं, असं एकदा मनात आलं. पण डाग पडला असेल तर तो काय गप्प राहणार होता? बंधाऱ्याच्या वळणावर तिने ठरवून टाकलं. डाग असेल तर सरळ मोकाशीला सांगायचं. छप्पर चांगलं होतं, हात माझा चुकला. काम काढायचं तर माझं काढा, बायांचं नको.

चौकीदार शिवा खोपटाच्या वळचणीला बिडी ओढत बसला होता.

"साएब?"

"ठाण्याला गेलेत. काय काम व्हतं?"

"छपराचा वारा बघाचा हाय," असं म्हणून ती खिडकीचा झाप उचलून आत शिरली.

आत ग्रीसचा आणि वाळल्या गवताचा वास होता. पाऊस वर कुठेतरी लांब पडत असल्यासारखा वाटत होता. खालून थंड वारा येत होता, जसा यायला हवा तसा. अंधाराला डोळे सरावेपर्यंत ती थांबली नाही. हात वर करून तिने पिशव्यांची रांग चाचपायला सुरुवात केली. एक पिशवी, दुसरी, तिसरी. आता फडकं लागेल, ओलं, थबथबलेलं.

हाताला काच लागली.

गोजराने हात मागे घेतला आणि परत पुढे नेला. बरणी होती. वर पत्र्याचं झाकण, आणि झाकणाच्या कडेने बोटाला मेण लागत होतं, गच्च बसवलेलं. तिने खिडकीचा झाप पायाने थोडा सारला. उजेडाची एक रेघ आत आली आणि झाकणाचा हिरवा रंग दिसला.

बरणीच्या आत तिच्या लुगड्याचं फडकं होतं. जसं तिने बांधलं होतं तसंच, गाठ न सोडलेलं, फक्त शेकून कोरडं केलेलं. बरणीच्या गळ्याला तिचाच लाल दोरा होता, आणि दोरा त्याच दांडीला, त्याच जागी, मधोमध बांधलेला होता.

तिने खाली रुळाकडे पाहिलं. पुरचुंडीच्या बरोबर खाली मेणाचा कागद नवा होता. तिने त्याची कड अलगद उचलली. तळहाताएवढ्या जागेत ग्रीस ताजं, जाड, बोटांनी पुन्हा पुन्हा फिरवून लावलेलं. पदराच्या टोकाने तिने ते जरासं सारलं. खाली पोलाद लखलखत होतं.

म्हणजे थेंब पडला होता. आणि पुसला गेला होता, त्या शनिवारी.

गोजरा तिथेच ओंडक्यावर बसली. या पोराला ती काय काय बोलली होती! उपास धरल्यासारखं, म्हणाली होती. त्याने वरच्या साहेबांकडे एक शब्द टाकला असता तर तो सुटला असता आणि ठेकेदार आला असता. निदान मीठ तरी फेकून द्यायचं. ते फेकून देण्याचा त्याला हक्क होता. तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं. बघायला कोणी नव्हतं.

मग तिने ग्रीस होतं तसं सारखं केलं, कागद दाबून बसवला आणि जायला उठली. उठताना तिची नजर दांडीवरच्या गाठीवर गेली. पोस्टात पुडक्याला मारतात तसली ती गाठ होती, हिसडा दिला तर सुटणारी. रुळावर वरून काचेची बरणी पडली तर? गोजराने ती गाठ सोडली आणि आपली, राशीची गाठ मारली. दोनदा ओढून पाहिली. मगच ती बाहेर पडली.

शनिवारी मोकाशी विजेरी घेऊन आत गेला. गोजरा बाहेर उभी होती, पण या वेळी तिने काही विचारलं नाही. तो बाहेर आला आणि त्याने विजेरी विझवली.

"आतली एक गाठ बदललेली दिसते," तो म्हणाला.

"व्हय. तुमची कच्ची व्हती."

"असेल," मोकाशी म्हणाला. "मला गाठी जमत नाहीत."

"शिकवीन," गोजरा म्हणाली, आणि चर साफ करायला निघून गेली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, झाप उतरवायचे ठरले. यंत्राची पूजा त्याच दिवशी करायची होती. मुंबईहून वरचे साहेब मोटारीने आले होते. जाडजूड, रुमालाने मान पुसत. गावही जमलं होतं. बायकांनी झाप उतरवले, गवत उतरवलं, ताडपत्री ओढली. मोकाशीने स्वतः कागद सोडला आणि रॉकेलच्या बोळ्याने ग्रीस पुसायला घेतलं. पुसत पुसत तो मधोमध आला तेव्हा त्याचा हात क्षणभर हळू झाला, आणि गोजराने पदर मुठीत धरला.

रूळ या टोकापासून त्या टोकापर्यंत लखलखीत होता. वरचे साहेब भिंग घेऊन एकदा इकडून गेले, एकदा तिकडून आले.

"वेल डन, मोकाशी," ते म्हणाले. मग त्यांची नजर वर गेली. "आणि हे काय? ही बरणी कसली?"

सगुणाने गोजराकडे पाहिलं. गोजराने खाली पाहिलं, आणि मग, आपल्याला खाली बघायची सवय नाही हे आठवून, पुन्हा वर पाहिलं.

"ओल पिणारे दाणे, सर," मोकाशी म्हणाला.

"ते या पिशव्यांत आहेत ना? मग बरणीत?"

"तेही तेच, सर. ते परदेशी, हे इथले."

साहेबांनी बरणीकडे पाहिलं, रुळाकडे पाहिलं. रुळाने काही तक्रार केली नाही, तेव्हा त्यांनीही केली नाही. नारळ फुटला, रुळाला हळदकुंकू लागलं, झेंडूची माळ चढली. पुढच्या यंत्राच्या पेट्या गोदीत येऊन पडल्या आहेत, त्या कधी आणायच्या, यावर बोलणं सुरू झालं, आणि बोलता बोलता साहेब मैनालाच विचारू लागले की झाप किती लागतील. मैनाने गोजराकडे बघत बघत, पण स्वतःच, उत्तर दिलं.

मोटार गेल्यावर गोजराने दांडीवरची आपली गाठ सोडली. बरणीचं मेण नखाने खरवडलं, झाकण उघडलं, पुरचुंडी बाहेर काढली आणि तिची गाठ सोडून मीठ बरणीत ओतलं. खडे काचेवर वाजले. त्या पावसाळ्यात ऐरोलीतल्या एकाही घरात मीठ असं वाजलं नव्हतं. फडकं तिने कमरेला खोचलं आणि बरणी मोकाशीपुढे धरली.

"तुमची बरनी."

"मीठ तुमचं आहे, गोजराबाई. ते घ्या."

"भांडं रिकामं परत देत नाय आमच्यात," ती म्हणाली. "आईला पाठवा. लोनच्यात घालाया सांगा."

मोकाशीने बरणी उजेडात धरली. आत पाण्याचा टिपूस नव्हता.

"किती घालायचं म्हणून सांगू?"

"मूठभर तर हाय," गोजरा म्हणाली. "जपून घाला म्हनावं. आनखी नाय आता."

एवढं बोलून तिने पदर खोचला आणि पाठ वळवली. उतरवलेले झाप कुणीतरी उताणे रचून ठेवले होते, आणि सगुणा, मैना, पुतळा, तिघींनाही आता त्याबद्दल तिची बोलणी ऐकून घ्यायची होती.